बाराव्या दाराची किल्ली

ऑपरेटरबाईंच्या संस्थेवर कुणाचाच विश्वास नव्हता, आणि त्यात लोकांची फारशी चूकही नव्हती. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला फोन करून "घरात एकटेच असता ना?" असं विचारायचं आणि वर घराची जादा किल्ली मागायची, अशा बाईला माणसं दुसरं काय समजणार?

काम मात्र सरळ होतं. बाई रोज सकाळी साडेसातपासून यादीतल्या प्रत्येकाला फोन करायच्या. तीनदा कुणी उचलला नाही, तर किल्ली घेऊन त्याच्या घरी जायच्या. चार वर्षांत तसं दोनदा जावं लागलं. एकदा फक्त आजोबांच्या कानातलं यंत्र सापडत नव्हतं. दुसऱ्यांदा मात्र उशीर झाला होता.

यादीत एकोणीस माणसं होती. त्यांच्या मुलांना सुगावा लागला आणि किल्ल्या एकेक करून परत गेल्या. आता भिंतीवरच्या खिळ्यांना अकरा उरल्या होत्या. बाई एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. यजमान जाऊन सहा वर्षं झाली होती. हे अकरा आवाज सोडले, तर दिवसभर त्यांच्या कानावर दुसऱ्या माणसाचा आवाज पडत नसे. अकराचे शून्य झाले तर काय, हा विचार त्या टाळायच्या आणि तो नेमका जेवताना यायचा.

शेवटी भाचीने मनावर घेतलं. ती पीआरमध्ये होती, म्हणजे लोकांचं नाव व्हावं यासाठी स्वतः निनावी राबत होती.

"आत्या, नुसतं चांगलं काम करून भागत नाही. ते चांगलं आहे हे तिसऱ्या माणसाने सांगावं लागतं. आपण सांगितलं की ती जाहिरात, दुसऱ्याने सांगितलं की विश्वास."

"मग त्या तिसऱ्याला कोण सांगणार?"

"मी. तोच तर माझा धंदा आहे."

आणि खरंच, पंधरा दिवसांत पेपरात अर्धं पान छापून आलं. बाईंचा फोटो, संस्थेचा म्हणजे त्यांच्या घराचाच पत्ता आणि ठळक अक्षरात फोन नंबर.

त्या दिवशी सव्वासहालाच फोन वाजू लागला. पहिल्याने अभिनंदन केलं. दुसऱ्याने आपल्या मुलालाही सकाळी उठवाल का, असं विचारलं. तिसरी बाई वीस मिनिटं सुनेबद्दल बोलली. रिसीव्हर ठेवावा तर पुन्हा घंटा. साडेसात वाजून गेले आणि बाईंना स्वतःहून एकही फोन लावता येईना.

"मास्तर वाट बघत असतील गं," बाई कासावीस झाल्या. यादीत पहिले होते चित्रकलेचे निवृत्त मास्तर. चार वर्षं ते रोज "आहे अजून," एवढंच बोलून फोन आपटत आले होते.

"माझ्या मोबाईलवरून लाव."

लावला. अकराही जणांनी उचलला नाही. अनोळखी नंबर उचलायचा नाही, हे बाईंनीच त्यांना घोकून घोकून शिकवलं होतं.

"आत्या, दहाला रेडिओवर मुलाखत आहे. सगळ्यांनी पेपर वाचला असेल, समजून घेतील. आधी ते, मग घरोघरी जाऊ." भाचीने रिसीव्हर काढून टेबलावर ठेवला. बाईंनी अकरा किल्ल्या पर्समध्ये टाकल्या आणि निघाल्या. रेडिओवर त्यांनी अभिमानाने सांगितलं, "चार वर्षांत एक दिवस चुकला नाही." सांगताना त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

मुलाखत आटोपून मास्तरांच्या घरी गेल्या, तर घरात कुणी नाही. दुसऱ्या घरी कुणी नाही. तिसऱ्याही घरी नाही. बाई तिथेच पायरीवर बसल्या. भाचीने त्यांना टॅक्सीत घालून घरी आणलं, तेव्हा इमारतीसमोर पोलिसांची गाडी उभी होती.

जिन्यावर नऊ म्हातारी माणसं बसली होती, त्यांतल्या एकाचा पाय प्लॅस्टरमध्ये होता. चढता न येणारी दोघं खाली टॅक्सीत होती. एकमेकांना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. सकाळचा फोन आला नाही, उलट लावावा तर तासन् तास एंगेज. बाई रिसीव्हर हातात धरूनच गेल्या, असं अकराही जणांनी आपापल्या घरी ठरवलं होतं आणि पेपरातला पत्ता घेऊन निघाले होते. बाईंची किल्ली कुणाकडेच नव्हती. मग कुलूपवाल्याला बोलावून कुलूप फोडलं होतं.

पोलीस वही काढून मास्तरांना विचारत होता, "पण तुम्ही बाईंचे कोण?"

मास्तर विचारात पडले. "मी साडेसातचा."

"आणि मी सात चाळीसची," मागून एक आजीबाई म्हणाल्या.

तेवढ्यात शेजारीणबाई ओरडल्या, "अहो, त्या बघा आल्या!" आणि चार वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी बाईंना पाणी आणून दिलं. "मला वाटायचं, तुम्ही फसवणुकीचे काहीतरी धंदे करता. पण तसं असतं, तर प्लॅस्टरमधला पाय घेऊन कोण तीन मजले चढेल?"

भाचीचे डोळे चमकले. "आत्या, याची बातमी झाली तर आजच्यापेक्षा मोठी होईल!"

बाईंचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. कुलूपवाल्याने नवं कुलूप बसवून दोन किल्ल्या पुढे केल्या होत्या. एक बाईंनी घेतली. दुसरीसाठी कुणाचं नाव घ्यावं हे त्यांना सुचेना, आणि ते न सुचल्याचं त्यांना फार वाईट वाटलं. मास्तरांनी ती न विचारता खिशात टाकली आणि कठड्याला धरून जिना उतरू लागले.

दुसऱ्या दिवशी बाई यादी घेऊन बसल्या. सात अठ्ठावीसला फोन वाजला.

"बऱ्या आहात ना?" आवाज मास्तरांचा होता.

हा प्रश्न बाईंनी हजारो वेळा विचारला होता. उत्तर द्यायची वेळ कधी आली नव्हती.

"आहे अजून," असं कसंबसं म्हणून त्यांनी रिसीव्हर आपटला आणि पदराने डोळे पुसले.

फोन लगेच पुन्हा वाजला.

"अहो," मास्तर खेकसले, "आणि मला कोण विचारणार?"