जेरुसलेमचं पाणीवाटप

जगाचा शेवट ही बाब अशी आहे की तिचा निकाल ऐनवेळी लावून चालत नाही. मोठमोठ्या राष्ट्रांना हे अजून उमगलेलं नाही. भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या गावाला मात्र ते ऐंशी सालीच उमगलं होतं. गावाचं नाव मी मुद्दाम देत नाही. उगाच अभ्यास करायला माणसं येतात आणि त्यांच्या चहापाण्याचं आम्हाला बघावं लागतं.

आमच्या गावचा कारभार आदर्श आहे, हे प्रथम नमूद करतो. गावाला मालगुजाराच्या वेळचा तलाव आहे. तलावाखाली धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आहेत, आणि कोणत्या बांधीला केव्हा पाणी सोडायचं ते तलावाच्या मातीच्या पाळीवर, मोहाच्या झाडाखाली बसून तलाव कमिटी ठरवते. कमिटीचे अध्यक्ष भय्याजी. चिटणीस मी. कमिटीच्या हुकमाशिवाय मंगरू पाणकर तुडूम उघडत नाही (तुडूम म्हणजे तलावातून पाणी सोडायचं तोंड. सरकारी कागदात त्याला विमोचक म्हणतात, पण पाणी तेवढंच येतं).

कमिटीला पूर्वजांनी नियम घालून दिले आहेत. बैठकीत पाहुणा बसला असेल तर त्याचा विषय आधी घ्यायचा. शेवटी माणुसकी आहे. एक विषय मिटल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. आणि सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय विषय मिटला असं समजायचं नाही. ह्या नियमांमुळे आमच्या कमिटीचा आजवर एकही निर्णय चुकलेला नाही. निर्णयच कमी झाले, ही गोष्ट वेगळी.

त्या वर्षी हस्त कोरडा गेला. तलावात पाणी होतं, आभाळात नव्हतं. गावातल्या बहुतेकांचं धान हलकं, ते पिवळं पडून कापणीला आलेलं, त्यामुळे त्यांना पाण्याची घाई नव्हती. माझी बांधी पाळीला लागून आहे, तिला तलावाचा पाझर फुकटात मिळतो, त्यामुळे मी तर पूर्णपणे निःपक्षपाती होतो. भारी, उशिरा पिकणारं धान लावलेलं एकट्या कौशल्याबाईनं. तिची बांधी सगळ्यांच्या शेवटी, नाल्याच्या काठाला. नवरा वारलेला, घरात आंधळी सासू आणि दोन लेकी, आणि चौघींचा वर्षाचा भात त्या एका बांधीतून निघायचा. धान लोंबीवर आलं होतं. एक पाणी मिळालं तर दाणा भरणार होता, नाही मिळालं तर नुसती फोलपटं हाती येणार होती. ती बैठकीला सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती.

पण त्या दिवशी बैठकीत पाहुणे होते. जवाहरनगरच्या क्वार्टरात राहणारे सालोमनसाहेब गावठी कोंबड्या घ्यायला आले होते, आणि पवनीचे रज्जाकभाई गाद्या पिंजायला. दोघांची ओळख जुनी. एकाच बशीतला चिवडा खात, कमिटीतल्या जागेश्वरच्या ट्रान्झिस्टरवर बातम्या ऐकत बसले होते. बातम्यांत जेरुसलेमचं नाव आलं. ते शहर एका देशानं आपली राजधानी म्हणून जाहीर केलं होतं आणि बाकीचे देश त्यावर नाराज होते.

"आमचा येशू शेवटच्या दिवशी तिथंच परत येणार," सालोमनसाहेब चिवडा चावत सहज बोलून गेले.

"हमारे यहाँ भी यही है," रज्जाकभाई म्हणाले. "हजरत ईसा लौटेंगे. और उस शहर को हम बैतुल मुकद्दस बोलते है."

झालं! भय्याजींनी कान टवकारले. एकाच जागेला दोन नावं म्हणजे सातबाऱ्याचा घोळ, हे त्यांना पन्नास वर्षांच्या अनुभवानं ठाऊक. त्यांनी खाकरून विचारलं, "म्हंजे येणारा माणूस एकच?"

"एकच," दोघेही म्हणाले.

"जागा बी एकच?"

"हो, बहुतेक."

"मंग तो येऊन उतरन कोनाकडं?"

दोघे पाहुणे हसले. त्यांना वाटलं, भय्याजी गंमत करून राहिले. भय्याजी आयुष्यात कधीही गंमत करत नाहीत. त्यांनी माझ्याकडे वळून हुकूम दिला, "चिटनीस, पाहुन्याइचा इषय घ्या लिहून."

अशा रीतीनं जेरुसलेमचा प्रश्न आमच्या तलाव कमिटीपुढे रीतसर दाखल झाला.

कमिटीनं तो ज्या गांभीर्यानं हाताळला, त्याला तोड नाही. प्रथम ठरलं की, भांडण आहे त्या अर्थी तिथे तलाव असलाच पाहिजे. पाण्याशिवाय माणूस इतकी वर्षं कशाला भांडेल? शाळेतून नकाशा मागवण्यात आला. नकाशा बघितलेल्या सभासदांपैकी निम्म्यांनी तो उलटा धरला होता, तरी तलाव कोणालाच दिसला नाही. मग तलाव बुजवला गेला असावा, असा निष्कर्ष निघाला आणि बुजवणाऱ्याचा निषेध करण्यात आला. त्यानंतर तिसरे हक्कदार यहुदी ह्यांचा पुकारा झाला. त्यांचा पाहुणा हजर नसल्यानं त्यांची बाजू कमिटीच्या वतीनं धनीरामनं मांडली. धनीरामनं जन्मात यहुदी माणूस पाहिलेला नव्हता, पण त्यानं इतक्या पोटतिडकीनं मांडली की शेवटी त्याचेच डोळे भरून आले.

बैठक उठली तेव्हा कौशल्याबाई उभी राहिली. "भय्याजी, माया पान्याचं काय जी?"

"पाहुन्याइचा इषय सुरू हाये ना बाई," भय्याजी मायेनं म्हणाले. "तो मिटू दे."

दुसऱ्या बैठकीत पाहुणे नव्हते, पण विषय होता. तोवर गावात दोन तट पडले होते. मोहाच्या उगवतीला बसणारे ख्रिस्ती बाजूचे झाले आणि मावळतीला बसणारे मुसलमान बाजूचे. (गावात ख्रिस्ती घर एकही नाही, मुसलमान घर एकही नाही. म्हणूनच चर्चा खेळीमेळीच्या पलीकडे जाऊ शकली.) उगवतीवाल्यांनी मावळतीवाल्यांचा चहा बंद केला. उगवतीचे वासुदेवराव आणि मावळतीला बसणारे त्यांचे सख्खे साडू ह्यांचं बोलणं थांबलं. साडूनं जुळवलेली पोरीची सोयरीक मोडायची वेळ आली तेव्हा वासुदेवराव म्हणाले, "मोडली त मोडली, पन जेरुसलेम सोडनार नाई!" अख्ख्या पंचक्रोशीत असा ताठ कणा दुसरा नसेल.

अखेर भय्याजींनी असा तोडगा काढला की ऐकून मान डोलवावी. जेरुसलेमलाही बांध्यांसारखी पाळी लावून द्यायची. शुक्रवार मुसलमानांचा, शनिवार यहुद्यांचा, रविवार ख्रिस्त्यांचा. उरलेले दिवस शहर बंद ठेवून झाडलोट आणि डागडुजी. किल्ली पाणकराकडे. तिथे पाणकर नसेल तर मंगरूला उसना पाठवू, असंही भय्याजी म्हणाले, आणि मंगरूनं घरी जाऊन धोतर धुवायला टाकलं.

एकमत होणार, एवढ्यात जागेश्वरनं विचारलं, "आनि जगाचा शेवट मंगळवारी आला त?"

मंगळवारी शहर बंद. येणारा येणार आणि फाटकाशी ताटकळत उभा राहणार! उगवतीवाले म्हणाले, मंगळवार रविवारवाल्यांच्या खात्यात धरा. मावळतीवाले म्हणाले, कायले? शुक्रवारच्या धरा. धनीराम म्हणाला, शनिवारची बाजू कोणी ऐकून घेतच नाही. आणि मंगळवारचा प्रश्न सुरू झाला.

मंगळवारावर जितका विचार आमच्या गावात झाला तितका जगात कुठेही झालेला नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. दोन उपसमित्या बसल्या. एकीनं अहवाल दिला की शेवट मंगळवारी येणारच नाही, कारण मंगळवारी आमच्याकडे बाजार असतो. दुसरीनं दिला की मंगळवारीच येईल, कारण बाजार असतो.

कौशल्याबाई रोज येत होती. आधी विचारायची, मग विनवायला लागली. "अवो भय्याजी, जमिनीले भेगा पडून राहिल्या. एक दिवस तुडूम उघडा, मंग बसा ना बाप्पा मंगळवारावर!" कमिटीला तिच्याबद्दल पूर्ण सहानुभूती होती. तसा ठरावही मांडायचा होता, पण तो दुसरा विषय झाला असता.

मंगरूला तिनं एकटं गाठलं. तो म्हणाला, "मले का नाई वाटत बाई? पन हुकूम नाई." आणि तलावातलं पाणी वाऱ्यानं पाळीवर चुबुक चुबुक आपटत राहिलं.

मग त्या बाईनं जे केलं ते नियमात बसत नव्हतं. ती सकाळच्या एसटीनं पवनीला गेली आणि रज्जाकभाईंना सगळं सांगितलं. त्यांना घेऊन जवाहरनगरला गेली. रज्जाकभाई हातातलं काम टाकून निघाले होते आणि सालोमनसाहेबांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. संध्याकाळी तिघंही आमच्या बैठकीत हजर.

"भय्याजी, मी हात जोडतो," सालोमनसाहेब म्हणाले. "आमचं दोघांचं काहीच भांडण नाही. तो येईल तेव्हा येईल, त्याला पाहिजे तिथं उतरेल. तुम्ही ह्या बाईला पाणी द्या."

"भैया, वो तो चाय पे की बात थी," रज्जाकभाई म्हणाले. "प्यासी फसल को पानी न देना, ये हमारे यहाँ बडा गुनाह है. हम अपना विषय वापस लेते है."

भय्याजींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांनी दोघांना चहा सांगितला आणि खुलासा केला की विषय मांडण्याचा अधिकार पाहुण्याचा आहे, मागे घेण्याचा नाही. त्यालाही एकमत लागतं. उगवतीवाले सालोमनसाहेबांवर फार चिडले. ऐनवेळी कच खाणारा ख्रिस्ती त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता (तसा ख्रिस्तीही तेवढाच एक पाहिलेला). मावळतीवाल्यांनी रज्जाकभाईंना ऐकवलं, "तुमाले तुमचा धर्म समजत नाई, आमाले इचारा." वासुदेवराव तर उभे राहून गरजले, "भायेरच्या लोकाइनं आमच्या गावच्या जेरुसलेममंधी नाक खुपसू नये!"

टाळ्या पडल्या. पाहुणे चहा न घेताच निघाले. जाताना रज्जाकभाई कौशल्याबाईला म्हणाले, "माफ कर बहन."

दिवाळी सरली तेव्हा मंगळवारचा प्रश्न मिटला. एकमतानं मिटला. माणसं एकमेकांना मिठ्या मारून रडली, वासुदेवराव साडूच्या गळ्यात पडले, पोरीची सोयरीक पुन्हा जुळली. सदर ठराव मी स्वच्छ अक्षरात लिहून वर पाठवला. वर म्हणजे नेमकं कुठे, ह्यावर दुमत असल्यानं तीन ठिकाणी पाठवला.

मग भय्याजींनी घाम पुसला आणि म्हणाले, "आता दुसरा इषय. कौशल्याबाईचं पानी." तो पाठोपाठ एकमतानं मंजूर झाला. एवढ्या झपाट्यानं निकाली निघालेला दुसरा विषय मला तरी आठवत नाही. मंगरूनं तुडूम उघडलं. पाणी पाटानं धावत शेवटच्या बांधीत शिरलं आणि वाळून खडंग झालेल्या धानाच्या बुडाशी उभं राहिलं. आम्ही सगळे बघायला गेलो होतो.

कौशल्याबाई बांधीच्या कडेला धुऱ्यावर बसली होती. तिनं एक लोंबी तोडली, तळहातावर चोळली आणि फुंकर मारली. हातात काही उरलं नाही. तो रिकामा हात तिनं भय्याजींपुढे धरला.

"जगाचा शेवट कुठं होते ते इचारत बसले होते ना तुमी?" ती म्हणाली. "अठी झाला. घ्या, पाहून घ्या."

हे म्हणणं विषयाला सोडून असल्यानं मी लिहून घेतलं नाही.

त्यानंतर मी ही हकीकत पुष्कळांना सांगितली. शिकल्यासवरल्या लोकांना, वर्तमानपत्र वाचणाऱ्यांना, नागपूरच्या एका प्राध्यापकालासुद्धा. सगळे पोट धरून हसतात. आमच्या गावाला येडं ठरवतात. आणि हसून झालं की न चुकता विचारतात, "पण मंगळवारचं शेवटी ठरलं काय?" त्या चौघींनी पुढचं वर्षभर काय खाल्लं, असं आजवर एकानंही विचारलेलं नाही.

तुमच्याही मनात मंगळवारच आहे ना? मग या, बसा. मोहाखाली जागा आहे.