रज्जाकभाईच्या तुरीतला पंचनामा

शुक्रवारी बोंडअळीचा पंचनामा होणार, अशी दवंडी उंद्रीनजीकच्या एका गावात फिरली. आणि दवंडीवाल्याचा आवाज विरतो न विरतो तोच जानेफळच्या भाऊरावांचा निरोप पंजाबरावांकडे आला की, शुक्रवारीच आम्ही वावर पाहावयास येत आहोत. भाऊराव हे जयमालेचे वडील. जयमाला पंजाबरावांच्या मुलाला, गणेशला पसंत होती आणि गणेश तिला. परंतु शेती करणाऱ्या वरास मुलगी मिळणे त्या काळी इतके दुर्घट झाले होते की, पंजाबरावांनी भरले ताट बाजूस सारले.

"सरकारले वावर खलास झालेलं दिसलं पाह्यजे आन् पाव्हण्याले हिरवंगार," ते पत्नीस म्हणाले. "एकच वावर दोघाईले कसं दाखवू?"

"खरं सांगा ना," आशाबाई म्हणाल्या. "अळी का आपल्याच घरी जेवाले आली? साऱ्या गावचा कापूस खाल्ला तिनं."

"खरं सांगून लगन जमते काय वं? तुह्या बापानं मले खरं सांगतलं होतं काय?"

आशाबाईंनी तवा असा आपटला की चर्चा तेथेच समाप्त झाली.

पंजाबरावांनी शेजारच्या रज्जाकभाईस गाठले. रज्जाकभाईने त्या साली बीटी बियाण्याचे तोंडही न पाहता तूर पेरली होती. ती सडकेला लागूनच पुरुषभर उंच वाढून शेंगांनी वाकली होती.

"रज्जाकभाई, घंटाभर तुही तूर माही म्हणू दे."

"म्हणा ना भाऊ! वावर का खिशात घालून नेता तुमी? फकत पाव्हण्याईले शेंगा तोडू नका देऊ."

बेत निर्दोष होता. पाहुणे सकाळी, पंचनामा दुपारी. परंतु सरकारी मनुष्य वेळेच्या आधी येऊ शकतो, ही शक्यता पंजाबरावांनी गृहीतच धरली नव्हती. भाऊराव तुरीवरून मायेने हात फिरवीत असतानाच सडकेवर मोटारसायकल येऊन थांबली. तीवर नवा, तरुण तलाठी होता. त्या खात्याची रीत अशी की, शेताचे नुकसान गाडीवर बसूनच पाहावे. काळ्या मातीत बूट घालू नये.

"हे वावर कोणाचं?" तलाठ्याने विचारले.

"आमच्या याहीबुवाचं!" भाऊराव छाती काढून म्हणाले. "पंजाबरावाचं!"

"पंजाबराव, तुमच्या नावावर कापूस लागलाय. इथं तर तूर आहे. नुकसान कुठंय?"

खरे वावर नाल्यापलीकडे, हाकेच्या अंतरावर, किडक्या बोंडांसह उभे होते. पंजाबरावांनी एकवार नाल्याकडे पाहिले, एकवार भाऊरावांकडे; आणि सुनेसाठी अनुदानावर पाणी सोडले.

"नुकसान नाही साहेब. देवाची किरपा हाय."

बांधावरच्या रज्जाकभाईने तोंडात रुमाल कोंबला. तलाठ्याने 'नुकसान निरंक' असे लिहून प्रजेच्या दुःखाचे निवारण केले.

भाऊरावांचा चेहरा मात्र उतरला.

"काऊन हो, नाव कापलं त्यानं तुमचं?"

"कापू द्या! तुमी पीक पाहा ना, पीक."

"पिकाले काय पाहू? यंदा हाय, पुढच्या साली नाही. आमच्या इकडं लोक हिरव्या वावरावर अनुदान काढून राह्यले. ज्याचं एका पटवाऱ्यापाशी चालत नाही, त्याच्या घरी पोरगी देऊ काय म्या?"

तेव्हा पंजाबरावांच्या तोंडून सत्य बाहेर पडले. "आवो, हे वावर रज्जाकभाईचं हाय! माहं तर पुरं खलास झालं. अळीनं काही ठेवलं नाही!"

"म्हंजे गेलंबी," भाऊराव सावकाश म्हणाले, "आन् भेटलंबी नाही?"

त्यांनी दोन्ही हात जोडले. तो नमस्कार कसला आहे, हे पंजाबरावांना सांगावे लागले नाही. मग भाऊराव सडकेकडे वळले. तलाठी गाडीला किक मारून निघण्याच्या बेतात होता.

"साहेब," अत्यंत मृदू स्वरात भाऊरावांनी विचारले, "लगन झालं काय तुमचं?"

तलाठ्याने गाडी बंद केली आणि केसांवरून हात फिरवला.