पंचाचं मानधन

"पोरा, पंचाने शिट्टी फुंकावी, निर्णय सांगावा आणि तोंड शिवून घ्यावं!"

म्हाताऱ्या ॲक्सेल पंचाचा तो खरबरीत आवाज मर्ल टनस्टडच्या कानात तेवीस वर्षं मुक्कामाला होता. मर्ल इतका आज्ञाधारक, की आयोवातल्या अमेरिकन फुटबॉलच्या एकाही प्रशिक्षकाला त्याच्याकडून एक फाजील शब्द काढता आला नव्हता. घरी तर कारभार त्याहून चोख! कॉलेजच्या एका सामन्याचे दोनशे डॉलर मिळायचे. लॉर्नाला, म्हणजे बायकोला, तो दीडशेच सांगायचा.

त्या शनिवारी दोन आक्रीतं घडली. कॉलेजने हौसेने पंचाच्या कमरेला मैदानभरच्या भोंग्यांना जोडलेला माइक बांधला, आणि लॉर्ना लग्नानंतर नऊ वर्षांनी प्रथमच सामना बघायला आली.

शेवटची तीन मिनिटं उरली होती. मर्लने फाउलचा पिवळा रुमाल फेकला, माइक सुरू केला, "यजमान संघ! बेकायदा पकड! दहा यार्ड मागे!" असं रुबाबात जाहीर केलं... आणि माइक बंद करायला विसरला.

यजमानांचा प्रशिक्षक ब्रुकर लालबुंद होऊन धावत आला. "ए पट्टेरी शर्टातल्या झेब्र्या! त्यांच्याकडून किती खाल्लेस?"

तेवीस वर्षांचे टाके एका झटक्यात उसवले. "खाल्ले? दोनशे डॉलर मिळतात मला, फक्त दोनशे! त्यात पेट्रोल माझं, आणि तुझ्या थुंकीची अंघोळ फुकट!"

"दोनशे... दोनशे..." भोंगे म्हणाले. कापणी झालेल्या मक्याच्या शेतांनी मागून सूर धरला.

तिसऱ्या रांगेत लॉर्ना ताडकन उभी राहिली. "मर्ल! मला तर दीडशे म्हणायचास!"

चार हजार माना वळल्या. खेळाडूंनी हेल्मेटं काढली. असा सामना रोज थोडाच मिळतो?

"वरचे पन्नास कुठे जातात रे?" लॉर्नाचा आवाज कापरा झाला. "कोण आहे ती?"

"अगं, ती कोणी नाही! हायवेवरचं हॉटेल आहे!" मर्ल भोंग्यांतून विव्हळला. "दर शनिवारी तुझं ते टूना मासा-नूडल्सचं ओव्हनमधलं कॅसरोल घरी वाट बघत असतं गं... म्हणून आधी तिथे स्टेक खाऊन येतो!"

ब्रुकरनेसुद्धा आदराने टोपी काढली.

"तुझ्या आईने तुझ्या आवडीचं म्हणून लिहून दिलं, म्हणून नऊ वर्षं रांधतेय, मेल्या!" लॉर्ना कडाडली. मग सावकाश खाली बसली आणि पुटपुटली,

"मी नाही खात ते. तू सामन्याला निघालास आणि तुझी गाडी कोपऱ्यावर वळली, की पिझ्झा मागवते."