डेस्मंड आजोबांचं जिलेटिन

नाताळ आठ दिवसांवर आला होता आणि टिली ॲक्रॉइडचा मोरपंखी कागद सापडत नव्हता. दप्तरात नाही, उशीखाली नाही, कुत्र्याच्या टोपलीतही नाही. चार वाजता चर्चमध्ये शाळेचा कॅरलचा, म्हणजे नाताळगीतांचा, कार्यक्रम होता, टिलीला तिथं सगळ्या गावासमोर एक उतारा वाचायचा होता, आणि घड्याळात अडीच वाजले होते.

कागद म्हणजे साधं रंगीत, पारदर्शक प्लॅस्टिक. टिली नऊ वर्षांची. पांढऱ्या पानावरची काळी अक्षरं तिच्यापुढं एका जागी उभी राहायला तयारच नसत. गेल्या वर्षी याच कार्यक्रमात ती एक ओळ वाचायला उठली आणि रडत खाली बसली. मग शाळेतल्या बाईंनी तिच्या पुस्तकावर एकेका रंगाचा कागद ठेवून पाहिला. प्रत्येक मुलाला याचा उपयोग होतोच असं नाही, हेही बजावलं. पण मोरपंखी कागद ठेवला आणि टिली म्हणाली, "अक्षरं थांबली." या वर्षी वाचनासाठी तिनं आपणहून हात वर केला होता. तेव्हापासून तिचे आजोबा डेस्मंड ही बातमी बसच्या रांगेत, न्हाव्याकडे आणि अनोळखी माणसांच्या कुत्र्यांनासुद्धा सांगत सुटले होते.

"बाबा, तू पाहिलास का?" टिलीच्या आईनं, गेलनं, विचारलं.

डेस्मंडनी चहाचा कप हळूच खाली ठेवला. गावातल्या हौशी नाटकमंडळाचे दिवे गेली एकतीस वर्षं तेच सांभाळत होते, आणि यंदा नाटकातल्या जंगलाला एक जिलेटिन, म्हणजे दिव्यापुढं लावायचा रंगीत कागद, कमी पडत होतं.

"मोरपंखी म्हणजे साधारण जंगलासारखा का गं?"

"बाबा."

"टेबलावर पडला होता. मला वाटलं माझंच जिलेटिन. गोल कापला आणि दिव्याला लावला."

"मी त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं," टिली म्हणाली. "'टिलीचा आहे, कापू नये.'"

"चष्मा नव्हता, बाळ."

चष्मा आत्ताही त्यांच्या नाकावर होता. पण बँकेचं पत्र आलं, हॉटेलात मेनू समोर आला, की डेस्मंडचा चष्मा हरवायचा. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याचा विचार मात्र कुणी केला नव्हता.

गेलनं शाळेत फोन केला. जादा कागदांत गुलाबी आणि पिवळा तेवढे उरले होते. डेस्मंड सायकल मारत नाटकाच्या हॉलवर जाऊन आले. दिव्याच्या उष्णतेनं कागद चौकटीला असा चिकटला होता, की ओढला तर फाटलाच असता.

हार मानणं त्या माणसाला माहीत नव्हतं. त्यांनी नाताळसाठी आणलेला चॉकलेटांचा मोठा डबा फोडला. काही चॉकलेटांना हिरवा पारदर्शक कागद असतो, काहींना निळा.

"निळ्यावर हिरवा चिकटवला की झाला मोरपंखी. खा."

उघडलेलं चॉकलेट डब्यात परत टाकायचं नाही, हा त्या घरचा नियम संकटातही शिथिल होत नसे. तिघांनी खाल्ली. मेणबत्त्यांची चौकशी करायला आलेल्या चर्चच्या धर्मगुरू, व्हिकरबाई हेलन, यांनाही सात खावी लागली. अखेर चिकटपट्टीनं जोडलेली एक चुरगळलेली गोधडी टिलीच्या पानावर पसरली.

"अक्षरं हलत नाहीत," टिली प्रामाणिकपणे म्हणाली, "पण आता सुरकुतलीत." मग तिनं पान मिटलं. "मी नाही वाचत. दुसऱ्या कुणाला तरी सांगा."

ती रडली नाही, आणि गेलला तेच बघवेना.

डेस्मंडनी टोपी चढवली. "कागद दिव्यातून निघत नाही ना? मग दिवाच आणतो."

पावणेचारला ते ढकलगाडीत तो अवजड दिवा घालून चर्चमध्ये हजर झाले. पण दिव्याची वायर पोचेल असा खांबापाशी एकच प्लग होता, आणि तिथं मिसेस पिलिंग यांचा चहाचा बंब लागला होता.

"बंब निघणार नाही," पिलिंगबाई म्हणाल्या. "शंभर माणसांचा चहा आहे, आणि दर वर्षी तुमचं हेच. क्षमा करायलाही काही मर्यादा असतात, डेस्मंड."

व्हिकरबाईंच्या पोटात सात चॉकलेटं होती, त्यामुळे वाद घालायचं त्राण त्यांच्यात नव्हतं. "काढा बंब," एवढंच म्हणून त्या बाकावर टेकल्या.

बाकीचे दिवे मालवले आणि मोरपंखी झोत पडला. येशूजन्माच्या देखाव्यातले छोटे मेंढपाळ बोट लागल्यासारखे दिसू लागले, योसेफाची दाढी हिरवी झाली. टिली पुढं आली. तिनं पान उघडलं, पाहिलं, आणि खांदे सैल सोडले.

ती वाचू लागली. संथ, स्पष्ट, एकेक शब्द नीट ठेवत. एका लांबलचक नावापाशी थांबली, त्याच्याकडे रोखून पाहिलं आणि तेही वाचलं. शेवटच्या ओळीपर्यंत. गेलला आपल्या लेकीचा इतका अभिमान वाटला, की शेजारच्या अनोळखी बाईचा हात तिनं घट्ट धरून ठेवला. चर्चमध्ये टाळ्या वाजवायची पद्धत नाही. पहिली टाळी पिलिंगबाईंनी वाजवली.

टिली धावत दिव्यापाशी गेली. आजोबा तिच्याकडे बघतच नव्हते. झोताची कड खांबावरच्या एका पाटीवर पडली होती आणि त्यांचे ओठ हलत होते.

"येथे... नाटकाचे दिवे... लावू नयेत. फक्त... चहाच्या... बंबासाठी." ते वळले. "ही पाटी कधीची?"

"तुम्ही इथं पहिल्यांदा दिवा लावलात, त्याच्या दुसऱ्या दिवशीची," पिलिंगबाई म्हणाल्या. "एकतीस वर्षं झाली. मला वाटायचं तुम्ही मुद्दाम करता."

डेस्मंडनी चष्मा काढून पुसला. "मला वाटायचं, अक्षरं सगळ्यांचीच हलतात," ते म्हणाले. "बाकीचे निमूट वाचतात आणि मलाच तेवढं जमत नाही."

गेल तोवर दिव्यापाशी पोचली होती. टिलीनं तिची बाही ओढली. "आई, कागद दोन मागव."

चहा कोमटच मिळाला. रांग दारापर्यंत गेली होती आणि टिली आजोबांचा हात धरून एकेका माणसापुढं उभी राहत होती.

"हे माझे आजोबा. आत्ता त्यांनी अख्खी पाटी वाचली."

दाराशी बांधलेल्या कुत्र्यालाही तिनं सांगितलं.