सूर्य बुडाला, गाऱ्हाणं चालूच

या, अशा पुढे येऊन बसा. तिथे उंबऱ्यापाशी अवघडून काय बसलात? आणि रागावू नका, पण एकदा बोलूनच टाकते. तुम्ही माणसं मालवणला येता, किल्ला बघता, सुरमई खाता, ती नारिंगी जाकिटं घालून समुद्रात डुबक्या मारता आणि गाडीत बसून परत जाता. आमचा सडा कोणी बघितलाय? गावाच्या डोक्यावर पसरलेला तो काळा कातळ! मे महिन्यात तिथे सावलीला झुडूप नाही की घोटभर पाणी नाही. टिटवी तेवढी उघड्या दगडावर अंडी घालते आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या अंगावर ओरडत धावते. आमचा गुणाजीही त्यातलाच.

गुणाजी माझा शेजारी. गावनात्याने दीर, म्हणून तोंडावर ‘भावजी’, पण मी लग्न होऊन आले तेव्हा तो दप्तर घेऊन शाळेत जायचा, त्यामुळे पाठीमागे नुसता गुणाजी. या माणसाची खोड अशी, की तो माणसांकडे तक्रार करत नाही. थेट देवाकडे करतो, आणि तीही चारचौघांत, त्यांचा होकार घेऊन!

गाऱ्हाणं तुम्हाला ठाऊक असेल. कुठल्याही कामाला हात घालायच्या आधी एकाने पुढे होऊन देवाला सांगायचं, बाबा रे, आम्ही असं असं करतोय, सांभाळून घे. जमलेल्यांनी दर वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. तो ‘व्हय’ आला नाही तर गाऱ्हाणं पोचत नाही, असं आमच्याकडे मानतात. वाडीत गाऱ्हाणं घालायचा मान गुणाजीच्या घराण्याचा. मान असू दे हो, पण किती घालायचं याला काही सुमार?

सड्यावर चिऱ्याचं एक छोटंसं निसर्ग संग्रहालय उभं राहिलं, तिथून सगळं सुरू झालं. आत घरटी, सापाच्या काती, दगड, भिंतीभर फोटो. उन्हाळाभर दर शनिवारी संध्याकाळी कुटुंबांसाठी कार्यक्रम असतो. लेकरांबाळांसकट माणसं येतात, कोकम सरबत पितात, सूर्यास्त बघतात, अंधार पडला की निळ्या बॅटरीने विंचू चमकताना बघतात. चांगलं असतं, मी स्वतः नातवंडांना घेऊन जाते. उद्घाटनाला त्यांनी गुणाजीला गाऱ्हाण्यासाठी बोलावलं. झालं! पुढच्या शनिवारी हा न बोलावता हजर. डोक्याला टॉवेल, हातात नारळ.

“काका, आज उद्घाटन नाहीये,” तिथल्या मॅडम म्हणाल्या. ऋजुता त्यांचं नाव. पुण्याची मुलगी, कामाला वाघ, पण सारखं लक्ष घड्याळात.

“उद्घाटन नाय, पण माणसा नवी आसत मा? नवी पावला राखणदाराच्या जाग्यार पडतली, आणि त्येका सांगूचा नाय? ह्या चलाचा नाय!”

राखणदार म्हणजे सडा सांभाळणारा देव. आणि ‘ह्या चलाचा नाय’ हे त्याचं पेटंट वाक्य. रेडिओवरच्या हवामानालाही तो हेच सांगतो. संग्रहालयाच्या दारात त्यांनी ‘कोकणातील वाळवंट’ अशी पाटी लावली, तेव्हा तर तिच्यासमोर छत्री आपटून उभा राहिला. “वाळवंट? माझ्या आज्यान हंय नाचणी पिकवली! पावसात येवा आणि फुला बघा, मगे लावा पाटी!” पाटीने काही उत्तर दिलं नाही. मग ती पाटी शनिवारच्या गाऱ्हाण्यात गेली.

गाऱ्हाण्याला चपला काढायच्या. आता मे महिन्यातला कातळ, दिवसभर तापलेला. मुंबई-पुण्याची माणसं या पायावरून त्या पायावर उड्या मारतायत, आणि गुणाजी डोळे मिटून ताल धरून उभा. “बा राखणदारा म्हाराजा! आज ही लेकरा तुझ्या जाग्यार इली आसत...” “व्हय म्हाराजा!” इतक्या कळवळून म्हणायचे सगळे, की देवालाही वाटावं, केवढी ही भक्ती!

तेवढ्यावर थांबला असता तर माझी काय हरकत होती? पण पुढे त्याचं स्वतःचं दप्तर उघडायचं. वेळेआधी सुटणारी एसटी. खाली रिसॉर्टवर रात्रभर वाजणारा डीजे. सड्यावर बाटल्या टाकणारे. आणि एका शनिवारी, माझ्यादेखत, “शेजारणीची कोंबडी माझ्या परड्यातली मिरची उकरतत, तिका बुद्धी दी रे म्हाराजा!” बुद्धी कोंबडीला द्यायची की मला, ते काही त्याने सांगितलं नाही. पण सगळे एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणाले. माझी सख्खी नातवंडंसुद्धा! घरी येईपर्यंत मी त्यांना फैलावर घेत आले, आणि मी बोलायला लागले म्हणजे काय ते आमच्या घरच्यांना विचारा.

पण खरी शोभा गेल्या मे महिन्यात झाली. माणसं भरपूर आलेली. समुद्रावर सूर्य कसा लालबुंद, ताटाएवढा. आणि गुणाजीचं गाऱ्हाणं त्या दिवशी फारच रंगलं. सगळ्यांच्या माना खाली, डोळे मिटलेले, ‘व्हय म्हाराजा’ चाललंय. डोळे उघडले तेव्हा सूर्य गेलेला! नुसतं तांबडं आभाळ. एक लहान मुलगी रडायला लागली, “बाबा, सनसेट कुठाय?” एक गृहस्थ मॅडमवर तडकले, आम्ही कोल्हापूरहून हेच बघायला आलो म्हणून.

मॅडम गुणाजीला म्हणाल्या, “काका, मी तुम्हाला दर वेळी सांगते, दोन मिनिटांत आवरा.”

“देवाक मिन्टा सांगतास? आणि सूर्य काय, तो उद्या परत बुडतलो!”

मलाही त्या दिवशी मॅडमचंच पटलं. पण पुढच्या शनिवारी त्यांनी जे केलं, त्याने माझं डोकं फिरलं. त्यांच्या मोबाइलवर गुणाजीचं एक जुनं गाऱ्हाणं होतं. एसटी, डीजे, पाटी सगळं कापून त्यांनी ते मिनिटभराचं केलं आणि स्पीकरवर लावलं. मधले ‘व्हय म्हाराजा’सुद्धा त्यातच, आयते. माणसं चपला घालून, सरबताचे पेले हातात धरून उभी. तोंड उघडायची गरजच नाही. गुणाजी नारळ घेऊन चढण चढून वर आला तो दारातच थांबला. आपलाच आवाज ऐकला, नारळ पाटीच्या बुडाशी ठेवला आणि माघारी वळला. ‘ह्या चलाचा नाय’ म्हणाला नाही. मला तिथेच काहीतरी टोचलं.

मी मॅडमना म्हटलं, “अहो, गाऱ्हाणं म्हणजे काय बसस्टँडवरची सूचना आहे? आज आलेल्या माणसांच्या वतीने आज सांगायचं असतं ते. आणि मागे येऊन गेलेल्या माणसांचा ‘व्हय’ या माणसांना कसा चालेल?”

“आजी, पण ऑडिओ किती स्वच्छ आलाय ना?” त्या म्हणाल्या.

त्यानंतर गुणाजी सड्यावर फिरकला नाही. मी गडग्यावरून, म्हणजे आमच्या दोन घरांमधल्या दगडी कुंपणावरून, हाक मारली, “भावजी, शनिवार आज, जाऊचा नाय?” “माझो आवाज गेलो हा मा वर, मगे माझा काय काम?” एवढंच बोलला आणि आत गेला.

पुढच्या शनिवारी मीही रुसून घरीच राहिले. दिवेलागणीला फणसाची भाजी वाटीत घेऊन त्याच्याकडे निघाले. तर हा खळ्यात, अंगणातल्या तुळशीसमोर, सड्याकडे तोंड करून उभा. डोक्याला टॉवेल. गाऱ्हाणं चाललेलं, पण अगदी हळू.

“बा राखणदारा, आज कोणकोण इली हत, माका म्हायत नाय. पण त्यांचे पाय सांभाळ, इच्चूकिरडापासून राख...” आणि थांबला. एक ‘व्हय म्हाराजा’ मावेल एवढाच थांबला. मग पुढे, “त्या मॅडमचो घसो बसलो आसा. एकटीच रवता, तिका काढो करून देवक कोण नाय. तिका बरा वाटांदे...” पुन्हा थांबला.

हातातली वाटी तशीच राहिली माझ्या. मला सुलभा आठवली, गुणाजीची बायको. ती होती तोवर रोज तिन्हीसांजेला हा दिव्यासमोर गाऱ्हाणं घालायचा आणि ती चुलीपुढे भाकरी थापत आतून ‘व्हय म्हाराजा’ म्हणायची. कधी वैतागून, “व्हय व्हय, आता जेवूक येवा!” ते माझ्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं. इतकं रोजचं होतं, की बंद कधी झालं ते माझ्या लक्षातही आलं नाही. संग्रहालय उघडलं ते ती गेल्यानंतरच्याच उन्हाळ्यात. आणि आम्ही सगळे म्हणत होतो, या म्हाताऱ्याला मिरवायची हौस!

तो तिसऱ्यांदा थांबला तेव्हा मी गडग्याआडून म्हटलं, “व्हय म्हाराजा.”

त्याने वळून बघितलं नाही. मग खाकरला आणि आवाज चढवून पुढचं सुरू केलं. भाजी पार गार झाली, तरी गाऱ्हाणं संपेना.

तेव्हापासून रोजचं आहे हे. मी गडग्याशी उभी राहते, माझ्या गुडघ्यांची त्याला काही पर्वा नाही. वर सड्यावर अजून ते रेकॉर्डच वाजतं, आणि मी दर शनिवारी सकाळीच जाऊन मॅडमशी भांडते. भांडणार! पण माझंही वय झालं हो. माझा ‘व्हय’ आता गडगा ओलांडून जेमतेम त्याच्या कानापर्यंत जातो, पुढे वर राखणदारापर्यंत चढायचं तर राहिलंच. तेव्हा या मे महिन्यात या. सूर्यास्त खुशाल बघा, विंचू बघा, पण आधी घटकाभर गुणाजीच्या खळ्यात उभे राहा. पोरांनाही आणा, त्यांचे गळे मोठे असतात. आणि उगाच पुढच्या वर्षीवर ढकलू नका, लवकर या.