मानाच्या नळाला पाणी

दोष तुमचाच, साहेब. वाडीच्या पाण्याच्या टाकीवर तुमच्या पाणीपुरवठा कचेरीने इंग्रजीत नोटीस डकवली: सोमवारपर्यंत सगळी घरं 'कॉन्कॅटिनेट' करा, नाहीतर पाणी बंद. वाचताना जिभेला उचकी लागावी असा शब्द.

भिवपुरीजवळच्या त्या वाडीत मंगळवारी भागूबाईच्या हर्षलाची हळद होती. पाणी बंद होऊन चालणारच नव्हतं. शाळेतल्या श्रिया मॅडमनी मोबाईलवर अर्थ शोधला. "एकाला एक जोडून साखळी करणं. गाडीचे डबे जोडतात तसं."

"म्हंजे नळ जोडायचं," वाडीचा मानकरी गजा म्हणाला. तोवर टाकीपासून प्रत्येक घराला वेगळा पाइप होता. "पन इंजिनामागं पयला डबा कोनाचा?"

यावर वाद झालाच नाही. होळीला ज्या क्रमाने मानाचे नारळ पडतात, त्याच क्रमाने पाइप जोडले. पहिला मान गजाचा, त्याचं घर वाडीच्या खालच्या टोकाला. दुसरा मान वरच्या आळीत, तिसरा पुन्हा खाली. पाइप गोधडीच्या टाक्यासारखा वाडीभर फिरला. शेवटचा मान भागूबाईचा, आणि तिचं घर टाकीला टेकून.

मंगळवारी सकाळी गजाने म्हैस दोनदा धुतली. भागूबाईच्या नळातून नुसती हवा आली. ती हंडा घेऊन गजाच्या ओटीवर येऊन बसली.

"भावजी, टाकी माज्या डोक्यावर हाय नि हंडा कोरडा. पोरीची हळद धुऊ कशानं?"

"वैनी, मान कसा मोडायचा?"

"नका मोडू. पन लग्नघराचा मान समद्यांच्या आधी, असं तुमच्या थोरल्याच्या हळदीला कोन म्हनलं व्हतं?"

गजाच म्हणाला होता, तेही माईकवरून. तो पाना घेऊन उठला.

दुपारपर्यंत साखळी उलटी झाली. हर्षला न्हाली, पाहुणे जेवले, उरलेल्या हळदीने बायकांनी गजालाच पिवळा केला. अंग धुवायला तो घरी गेला, तर त्याच्या नळातून हवा.

दुसऱ्या दिवशी तुमचा कारकून आला. "अहो, कॉम्प्युटरवर घर नंबर आणि नाव एका रकान्यात जोडायचं होतं. न जोडलेल्या घरांचं पाणी यादीतून बंद होणार होतं. नोटीस आमच्या ऑपरेटरसाठी होती, चुकून इथं लागली. नळ होते तसे करा."

"आता नाय जमायचं," वाडीने सांगितलं. लग्नघराला पहिलं पाणी, हे ठरून गेलंय. चाळिशीपर्यंत लग्नाला नाही म्हणणारा पोपट नेरळची मुलगी बघून आला. गजा धाकट्यासाठी रोज स्थळं शोधतोय. दोघांनाही एकच मुहूर्त आवडलाय.

तेव्हा साहेब, उत्तर द्या, आणि मराठीत द्या. एकाच दिवशी दोन घरांत हळद लागली, तर टाकीचा पहिला पाइप कुणाचा?