दारातला घड्याळजी

टेसाच्या निबंधावर हॅल्व्हर्सनबाईंनी लाल शाईत एफ ठोकला, म्हणजे सरळ नापास. खाली शेरा, 'पुस्तकात नाही ते लिहू नये.' नॉर्थ डकोटातल्या त्या शाळेत नापास मुलीला सामना खेळता येत नसे, आणि शनिवारी आइस हॉकीचा अंतिम सामना होता. टेसा ब्रँडव्होल्ड शाळेची गोलकीपर. दुसरी गोलकीपर शाळेकडे नव्हतीच.

आता निबंध ज्या कादंबरीवर होता, तिचं सांगतो. दीडशे वर्षांपूर्वीची. एक घड्याळजी भावाशी भांडून घर सोडतो, बारा वर्षं भटकतो आणि ऐन बर्फात भावाच्या दारात येऊन उभा राहतो. 'त्याने कडीवर हात ठेवला.' संपलं पुस्तक. तो आत गेला की नाही, या एका प्रश्नावर बाईंनी सव्वीस वर्षं शिकवलं होतं. कडी म्हणजे अहंकार, बर्फ म्हणजे अपराधाची बोचणी आणि दार म्हणजे तर विचारूच नका. त्यांचे जुने विद्यार्थी, 'आत गेला'वाले आणि 'नाही गेला'वाले, अजून गावच्या कॅफेत एका टेबलाला बसत नाहीत. आणि टेसानं लिहिलं होतं की तो आत गेला आणि वाटाण्याचं सूप प्यायला.

मधल्या सुटीत टेसा एक जुनं पुस्तक घेऊन आली. "बाई, पुस्तकातच आहे हो ते. शाळेची प्रत लॉकरमध्ये राहिली, म्हणून मी आजीची वाचली."

बाईंनी शेवट उघडला. कडीनंतर आणखी आठ पानं होती. त्यांनी कपाटातून शाळेच्या प्रती काढून पाहिल्या. स्वस्तात मिळाल्या म्हणून एकदम घेतलेल्या चाळीस प्रती, आणि छापणाऱ्यानं सगळ्यांतच शेवटची आठ पानं खाल्लेली. बाई मटकन खुर्चीत बसल्या.

"हे आणखी कुणाला दाखवलंस?"

"कुणालाच नाही. तुम्ही तेवढा एफ काढा, बाई. मी तोंडातून शब्द काढणार नाही."

सौदा वाईट नव्हता. बाई जूनमध्ये निवृत्त होणार होत्या, कुणाला पत्ताही लागला नसता. पण बाई सरळ वळणाच्या. पुढच्याच तासाला त्यांनी आठही पानं वर्गाला मोठ्यानं वाचून दाखवली आणि म्हणाल्या, "मुलांनो, सव्वीस वर्षं मी चुकीचं शिकवलं."

वर्गाला हे मुळीच पटलं नाही.

"हे मागाहून कुणीतरी चिकटवलंय," वेंडेल म्हणाला.

"चिकटवलेलं नाही रे, छापलेलं आहे."

"मग सूप म्हणजे नुसतं सूप नसणार. तुम्हीच सांगता ना बाई, लेखक उगाच काही लिहीत नाही."

"आणि वाटाणेच का? मसूर का नाही?" मागून एकीनं विचारलं.

प्रश्न ऐकून बाईंचा हात आपोआप खडूकडे गेला. अर्ध्या तासात फळा भरला. वाटाणा म्हणजे पुनर्जन्म, वाफ म्हणजे क्षमा, चमच्यावरून तर दोन गट पडले. बाईंच्या चेहऱ्यावर रंग परत आला.

"टेसा, तुला काय वाटतं?"

"त्याला भूक लागली होती, बाई."

वर्ग खो खो हसला. बाईंनी एफ खोडून सी दिला आणि लिहिलं, 'वाचन अचूक, अर्थ उथळ.' सी म्हणजे पास.

"चालेल मला," म्हणून टेसा सरावाला पळाली.

शाळा सुटल्यावर बाईंनी ती पानं पुन्हा वाचली, या वेळी हातात पेन्सिल न घेता. भाऊ काही बोलत नाही. घड्याळजीही नाही. वहिनी वाढते आणि तो खाली मान घालून तीन वाडगे सूप पितो. बाईंना एकदम भरून आलं.

टेसाचा निबंध अजून टेबलावरच होता. बाईंनी सी खोडला, ए दिला आणि लिहिलं, 'सव्वीस वर्षं मी याला बर्फात उभं करून ठेवलं. तो उपाशी आहे, हे तू पाहिलंस.'